रीमेक मूळ गेमच्या तोलाचा आहे का, हे तपासायचं कसं?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

इथला रीमेकवरचा (जुना गेम नव्याने बनवण्यावरचा) कुठलाही धागा काढा, तिसऱ्या प्रतिसादापर्यंत "ग्राफिक्स एक नंबर" आणि "मूळची मजा नाही" असे दोन तट पडलेले असतात. पुढची चाळीस पानं तेच. म्हणून हा धागा फक्त तपासायच्या पद्धतीबद्दल.

माझं म्हणणं: मूळ गेम खेळाडूला कुठे कुठे अडवत होता ते आधी शोधा. त्या अडवण्यातून काय साधत होतं ते पाहा. रीमेकने ती अडचण काढून टाकली असेल, तर त्या जागी काय आणून ठेवलं ते तपासा. चित्रं, चेहरे, पाण्यातली प्रतिबिंबं हे सगळं त्यानंतर.

नमुन्याला रेसिडेंट ईव्हिल २ घेऊ. लिऑन आणि क्लेअर हे दोन नायक, झोंबींनी भरलेलं पोलीस स्टेशन, असा भयगेम. मूळ १९९८चा, रीमेक जानेवारी २०१९चा. दोन्ही कॅपकॉम कंपनीचेच, त्यामुळे "दुसऱ्यांनी वाट लावली" ही सबब नाही.

दारापासून सुरुवात. मूळ गेममध्ये दार उघडताना काळ्या पडद्यावर फक्त दार दिसतं. ते किरकिरत उघडतं आणि तेवढ्या वेळात सीडीवरून पुढची खोली वाचून होते. म्हणजे ते लोडिंगच. पण त्याचा परिणाम बघा: मागच्या खोलीतला झोंबी तुमच्या मागे येऊ शकत नाही. दार लावलं की विषय संपला, ही आपल्या पेठांतली रीत तिथले झोंबी पाळतात. त्यामुळे प्रत्येक खोली हा वेगळा हिशोब. इथे गोळ्या घालवायच्या की वळसा घालून निसटायचं, एवढंच ठरवायचं.

रीमेकमध्ये दार म्हणजे खरोखरची फळी. झोंबी ती ढकलून आत येतात, मिस्टर एक्स (पाठलाग करणारा, न मरणारा राक्षस) तर सरळ उघडून येतो. निवाऱ्याच्या सेव्ह खोल्या तेवढ्या सुटल्या. त्यामुळे हिशोब खोलीचा न राहता पूर्ण पोलीस स्टेशनचा होतो. पश्चिमेच्या बोळात वाचवलेली गोळी दहा मिनिटांनी त्याच बोळातून पळताना महागात पडते. लोडिंगची अडचण गेली, पण तिच्या जागी तेवढ्याच वजनाचं काहीतरी आलं. या एका बाबतीत रीमेकला मी पूर्ण गुण देतो.

आता जिथे गुण कापतो ते. मूळ गेम दोन सीडींवर होता, एक लिऑनची आणि एक क्लेअरची. एकाचा 'ए' भाग संपवला की दुसऱ्याचा 'बी' भाग त्याच सेव्हवरून सुरू होतो. 'ए'मध्ये शस्त्रांच्या खोलीतली सबमशीनगन आणि कमरेची पिशवी दोन्ही उचललीत, तर 'बी'वाल्याला तिथे रिकामं कपाट. रीमेकमध्ये दुसरी फेरी आहे, पण पहिल्या फेरीतल्या तुमच्या निर्णयाची अशी उधारी तिथे वसूल होत नाही. बरीचशी तीच कोडी, बहुतेक तेच बॉस (टप्प्याच्या शेवटचे मोठे शत्रू), दोघांनाही. इथे काढलं ते काढलंच. त्या जागी काही नाही.

तुमची उदाहरणं टाका. नुसतं "मला आवडला" नको.

अर्धाकप

एक शंका. दार म्हणजे शेवटी लोडिंग. यंत्र हळू होतं म्हणून केलेली सोय. त्यात एवढं तत्त्वज्ञान कशाला शोधायचं?

पर्वतीपायथा

@अर्धाकप, सोय म्हणूनच केली असेल. पण त्या सोयीभोवती गोळ्या मोजून ठेवल्या, कोणत्या खोलीत किती झोंबी ते ठरवलं. कारण काहीही असो, खेळ त्याच्यावर उभा राहिला. वाड्याचा मधला खांब कुणी का रोवला हे विचारत बसलो तरी चालेल, काढायच्या आधी वर काय टेकलंय तेवढं बघावं लागतं.

तपकीरगल्ली

पद्धत बरोबर आहे, पण आधी 'मूळ' म्हणून आपण जे खेळतो ते खरंच मूळ आहे का ते बघा. निम्म्या तुलना इथेच फसतात.

आपल्याकडे प्लेस्टेशनचं जे अधिकृत सामान आलं ते पाल (टीव्ही सिग्नलच्या एका प्रमाण) पद्धतीचं. अमेरिकी आणि जपानी आवृत्ती सेकंदाला ६० वेळा चित्र काढते, पाल ५० वेळा. त्या काळातल्या बऱ्याच पाल आवृत्त्यांत हा फरक भरून काढलेलाच नव्हता. त्यामुळे गेम सुमारे १७ टक्के मंद चालतो. शिवाय पालमध्ये रेषा जास्त, चित्र तेवढंच, म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि माणसं दबकी दिसतात. अशी डिस्क लावून "मूळ गेम किती संथ होता" म्हणणं म्हणजे पातळ केलेल्या चहावरून मळ्याला नावं ठेवणं.

दुसरी चूक पडद्याची. जुना कन्सोल पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने आजच्या एलईडी टीव्हीला जोडला, तर टीव्ही तो २४० रेषांचा सिग्नल ४८० रेषांचा 'इंटरलेस्ड' (एकाआड एक रेषा आलटून-पालटून काढलेला) समजतो आणि जोडून-पुसून दाखवतो. चित्र मेणासारखं होतं आणि बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत उशीर लागतो. मग "कंट्रोल जड आहेत" हे पाप गेमच्या माथी.

सीआरटी (जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही) हवा असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा. १४ किंवा २१ इंची पुरतो. घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. चालू केल्यावर चित्र कडांना वाकतं का? पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-निळ्या सावल्या पडतात का? आणि एव्ही इनपुटवर एनटीएससी (अमेरिकी-जपानी सिग्नल पद्धत) रंगीत दिसतं का? फक्त पाल जाणणाऱ्या संचावर अमेरिकी डिस्क कृष्णधवल दिसते. तो बिघाड नव्हे. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबवर विजेचा जीवघेणा दाब साठलेला असतो.

एवढा खटाटोप नको असेल तर रेसिडेंट ईव्हिल २चा मूळ गेम २०२४मध्ये जीओजी या ऑनलाइन दुकानात आलाय, आजच्या विंडोजवर चालतो. चित्र ४:३ ठेवा, ताणू नका. एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर अंतर्गत रिझोल्युशन एकपट ठेवा. ते वाढवलं की माणसं काचेसारखी स्वच्छ दिसतात आणि मागचं आधीच रंगवून ठेवलेलं ३२० बाय २४०चं चित्र तसंच धूसर राहतं. दोन्ही एका जगातली वाटत नाहीत. मुळात दोन्ही सारखीच खरबरीत होती, म्हणून एकजीव दिसायची.

शनिपारपार

गोळ्यांचा हिशोब राहिला की. मूळमध्ये लिऑनच्या पिस्तुलात १८ गोळ्या मावतात, क्लेअरच्या १३. रीमेकमध्ये लिऑनकडे सुरुवातीला १२, मोठं मॅगझिन मिळाल्यावर २४. क्लेअरला पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. आकडे नुसते बघितले तर रीमेक कंजूष वाटेल. पण मूळमध्ये नेम वर, समोर आणि खाली एवढाच धरता येतो, रीमेकमध्ये गुडघाही निवडता येतो. गुडघा फोडून झोंबी खाली पाडायचा आणि बाजूने निघून जायचं. गोळी मारण्यासाठी न वापरता वाट करून घेण्यासाठी वापरायची, हा रीमेकचा नवा हिशोब.

मात्र रीमेकमध्ये डोक्यात मारलेल्या गोळीचा परिणाम नशिबावर आहे. एकदा दोन-तीन गोळ्यांत डोकं फुटतं, एकदा सहा-सात खाऊन तो पुन्हा उठतो. म्हणून एका झोंबीवरून निष्कर्ष काढू नका. एकच बोळ किमान तीनदा खेळा आणि तीन आकडे लिहा: किती गोळ्या गेल्या, किती वेळा चावा बसला, किती वेळ लागला.

मिस्टर एक्सचंही तसंच. मूळमध्ये तो फक्त 'बी' भागात, ठरलेल्या जागी येतो. त्याला पाडलं तर तो दारूगोळा टाकतो, म्हणजे खर्च थोडाफार परत. रीमेकमध्ये तो काही वेळ गुडघ्यावर बसतो, टाकत काहीच नाही, आणि उठून पुन्हा मागे. मूळचा एक्स म्हणजे गुंतवणूक, रीमेकचा एक्स म्हणजे भुर्दंड. गोळीने टोपी उडते, तेवढाच काय तो परतावा.

मुळामुठा

रीमेक तपासताना कंट्रोलरच वापरा, हेही लिहा. रेसिडेंट ईव्हिल २चा रीमेक माउसने खेळला की डोक्याचा नेम इतका सहज लागतो की सगळं गणित हलकं होतं. "भीती राहिली नाही" म्हणणारे बरेच जण माउसवाले असतात. काठिण्य 'स्टँडर्ड' ठेवा. 'असिस्टेड'मध्ये नेमाला मदत मिळते आणि जखम काही प्रमाणात आपोआप भरते, त्यावर मत देऊ नये. मूळसारखी शाईची रिबन लागूनच सेव्ह हवं असेल तर 'हार्डकोअर'. बाकी काठिण्यांत टाइपरायटर (सेव्ह करायची जागा) फुकट आहे. सेव्ह फुकट झालं की परत खेळायच्या अंतराची धास्ती जाते, हे पर्वतीपायथांच्या यादीत घालायला हवं.

पर्वतीपायथा

@मुळामुठा, घातलं. आणि हे रीमेकच्या बाजूने नाही, विरुद्ध धरतो. स्टँडर्डमध्ये रिबनच्या जागी काहीच आलेलं नाही.

लकडीपूल

रेसिडेंट ईव्हिल ४ या पद्धतीत नीट बसतो. मूळ २००५, रीमेक मार्च २०२३.

मूळमध्ये नेम धरला की लिऑन जागचा हलत नाही. ही सगळ्यात मोठी अडवणूक. आणि गावकरी (इथले शत्रू) तिच्याच मापाने बेतलेले आहेत: लांबून धावत येतात, जवळ आले की वेग कमी करतात, तुम्हाला नेम धरायला क्षणभर देतात. डोक्यात गोळी, तो डगमगला, पुढे जाऊन लाथ, शेजारचे चार आडवे. हे जवळजवळ खात्रीने घडतं, म्हणून गर्दीत एक ताल सापडतो.

रीमेकमध्ये चालता चालता नेम धरता येतो. लिऑन मोकळा झाला म्हटल्यावर गावकरी तसेच ठेवले असते तर गेम दहा मिनिटांत शिळा झाला असता. म्हणून तीन गोष्टी बदलल्या. चालताना नेमाची खूण पसरते, थांबलं की आवळते. डोक्यात गोळी बसली तरी माणूस प्रत्येक वेळी डगमगेल याची हमी नाही. आणि गावकरी जवळ आल्यावर थांबत नाहीत. शेवटी काय, तर लिऑनला मोकळं सोडलं आणि त्याची खात्री काढून घेतली.

ही तूट भरायला सुरी आली. मूळमध्ये सुरी कधी झिजत नाही आणि सामानाच्या पेटीत जागाही घेत नाही. वाटेतली खोकी फोडा, पडलेल्याला मारा. रीमेकमध्ये सुरीने कुऱ्हाड अडवता येते, चेनसॉसुद्धा, पण दरवेळी ती झिजते आणि दुरुस्तीला व्यापाऱ्याकडे पैसे लागतात. म्हणजे ताल आहे, फक्त लाथेऐवजी सुरीवर गेला. मला हा बदल पटतो. पटत नाही ते एवढंच, की पहिल्या गावात सुरी मोडली तर पुढचा अर्धा तास तोच ताल तुटक होतो, आणि नवख्याला का ते कळत नाही.

तपासायला गावाचीच लढाई घ्या. दोन्हीकडे ती चर्चची घंटा वाजून संपते, त्यामुळे सुरुवात-शेवट आयता जुळतो.

एक इशारा: मूळच्या २०१४च्या पीसी आवृत्तीत ३० आणि ६० फ्रेमचा पर्याय आहे. तुलनेसाठी ३० ठेवा. ६०वर धपाधप बटण दाबायचे काही प्रसंग मूळपेक्षा अवघड होतात, आणि तो दोष २००५च्या गेमचा नाही.

अर्धाकप

पटलं हे. दाराचंही मग मानायला हरकत नाही.

धुकंवाला

सायलेंट हिल या भयगेमच्या मालिकेशिवाय हा धागा अपुरा. पहिल्या भागात (१९९९) प्लेस्टेशनला लांबचं काढायला जमत नव्हतं म्हणून धुकं. दुसऱ्यात (२००१) तेच धुकं गावाचा स्वभाव झालं. २०१२च्या एचडी संग्रहात काय झालं ते आठवा: हाती आलेला कोड अपुरा, धुकं विरळ, आणि तळ्याच्या दृश्यात पाणी जिथे संपतं ती कड उघडी पडली. ते रीमास्टर होतं. नवीन काही बनवलं नाही, फक्त स्वच्छ केलं, आणि स्वच्छ करतानाच जीव गेला. धुकं दोष समजून पुसलं की असं होतं.

दुसऱ्या भागाचा २०२४चा रीमेक ब्लूबर टीम या स्टुडिओचा. धुकं दाट आहे, त्यावर वाद नाही. खरा प्रश्न कॅमेऱ्याचा. मूळमध्ये कॅमेरा बऱ्याचदा नायक जेम्सच्या समोरून किंवा वरून असतो. जेम्सला दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि जवळचा रेडिओ खरखरतो. म्हणजे काहीतरी आहे, पण कुठे ते कळत नाही. रीमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागे. कोपऱ्यापलीकडे मीच डोकावतो.

मग जागा भरली कशाने? मॅनेकिन नावाचे राक्षस दाराआड, टेबलामागे निपचित उभे राहतात आणि जवळ गेल्यावर झडप घालतात. वुडसाइड अपार्टमेंटमध्ये पहिल्या तासात हे चोख काम करतं. पण रीमेकची लांबी मूळच्या जवळपास दुप्पट, आणि युक्ती तीच. तुरुंगात पोहोचेपर्यंत खोलीत शिरताच आधी उजवा कोपरा, मग डावा, ही सवयच लागते. मूळचा कॅमेरा सवय लागू देत नव्हता, कारण तो दर खोलीत वेगळा. एवढ्या एका गोष्टीत रीमेक कमी पडतो. संगीत मूळचे संगीतकार यामाओका यांचंच आहे, अभिनय मूळपेक्षा सरस आहे, ते मान्य.

अजून एक: पीसीवर नवीन भागात शिरताना बसणारे झटके शेडर (प्रकाश-पोताचे छोटे प्रोग्रॅम) आधी तयार करून जात नाहीत. ते अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढचा परिसर आत येताना बसतात. फ्रेमरेट ६०ला बांधून ठेवला तर कमी जाणवतात. त्यावरून "लढाई अडखळते" असं मत देऊ नका, लढाई त्यात नसते.

शनिपारपार

डेड स्पेस (२००८ आणि २०२३) दोन ओळींत: उल्का उडवायचा तोफेचा प्रसंग मूळमध्ये बैठा होता, रीमेकने तो जहाजाबाहेर तरंगत करायला लावला. सुधारणा. नायक आयझॅकला बोलता केलं. काहींना खटकतं, मला नाही, कारण मूळमध्ये सगळे त्याच्यावर हुकूम सोडतात आणि तो माठासारखा ऐकतो.

लकडीपूल

माठ! नोंद घेतली.

तपकीरगल्ली

आपल्या गावचं उदाहरण कुणीच काढलं नाही? प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम. मूळ २००३, युबिसॉफ्ट मॉन्ट्रियल. रीमेक सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झाला, काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे. जानेवारी २०२१ची तारीख होती, ती मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं आणि जानेवारी २०२६मध्ये प्रकल्पच रद्द झाला.

ट्रेलर आला त्या दिवशी सगळं जग राजपुत्राच्या चेहऱ्यावर तुटून पडलं. चेहरे जुनाट दिसत होते, हे खरंच. पुण्यात झालं म्हणून सूट नको आणि पुण्यात झालं म्हणून दोन फटके जास्तही नकोत. पण या धाग्याच्या पद्धतीने विचारलं तर त्या ट्रेलरवरून जे तपासायला हवं होतं ते तपासताच येत नव्हतं.

मूळमध्ये काळ मागे फिरवता येतो, पण वाळूची एक टाकी खर्चून. चुकीची किंमत ठरलेली: एक टाकी. टाक्या संपल्या आणि पडलात, तर मागच्या चेकपॉइंटपाशी (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा). शिवाय सगळी गोष्ट राजपुत्रच सांगतोय, त्यामुळे तुम्ही मेलात की तो स्वतःचं बोलणं दुरुस्त करतो, असं घडलंच नव्हतं म्हणून. खेळाडूची चूक म्हणजे कथेकऱ्याची चूक. कथा आणि नियम इतके घट्ट विणलेले गेम थोडे.

आता समजा रीमेकने आजच्या रिवाजाप्रमाणे दर उडीनंतर चेकपॉइंट दिला असता. मग वाळू कोण खर्च करणार? काळ मागे फिरवणारा खंजीर शोभेपुरता उरला असता. आणि शेवटी शेवटी खंजीर हातातून जातो तेव्हा उड्या मारताना जी तंतरते, तिचंही काही राहिलं नसतं. चेहरा दोन महिन्यांत बदलता येतो. चेकपॉइंट किती अंतरावर ठेवायचे हे बदललं तर प्रत्येक खोली पुन्हा तोलावी लागते.

मुळामुठा

@तपकीरगल्ली, मूळमध्ये कॅमेऱ्याचे तीन प्रकारही होते: नेहमीचा, डोळ्यांतून बघायचा, आणि खोलीचं लांबून चित्र दाखवणारा. तो तिसरा म्हणजे कोड्याचा नकाशाच. आजचे गेम कड्यांना पिवळा रंग फासून तेच काम करतात, म्हणजे आधी बघून वाट शोधायचं कामच काढून घेतात. रीमेक आला असता तर मी आधी हेच बघितलं असतं.

भिडेपूल_दक्षिण

नवीन आहे. ताई-दादांनो, रेसिडेंट ईव्हिल २चे दोन्ही घेतलेत. आधी कुठला? आणि रीमेक पीसीवर फार दाणेदार दिसतोय, गडद भागात मुंग्या धावतात. ग्राफिक्स कार्ड ६ जीबीचं आहे.

शनिपारपार

आधी मूळ, पण पूर्ण नको. लिऑन 'ए' घ्या आणि पोलीस स्टेशन संपेपर्यंत खेळा. मग रीमेकमध्ये लिऑनची पहिली फेरी तिथपर्यंतच. लगेच लिहून काढा, मग दोन्ही पुढे न्या. रीमेक आधी खेळलात तर मूळचे पाय जड वाटतात आणि ते जडपण डोक्यातून जात नाही. मूळचे कंट्रोल हातात बसायला तासभर द्या: 'वर' म्हणजे पडद्यावरचं वर नव्हे, लिऑनच्या नाकासमोरचं पुढे. कॅमेरा बदलला तरी तुमची दिशा बदलत नाही ती त्यामुळेच.

तपकीरगल्ली

मुंग्यांचं कारण बहुतेक 'स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स'. ते बंद करा. 'फिल्म नॉइज', 'लेन्स डिस्टॉर्शन' आणि कडांना रंग फुटवणारा पर्यायही बंद. रेंडरिंग 'नॉर्मल'वर हवं, 'इंटरलेस्ड'वर असेल तर हलताना रेघा दिसतात. टेक्श्चरसमोर (पृष्ठभागांच्या चित्रांसमोर) ८ जीबी लिहिलंय म्हणून घाबरू नका. तो मीटर जास्तीचं दाखवतो, लाल झाला तरी या गेममध्ये सहसा अडत नाही. चारचा रीमेक मात्र वेगळा, तिथे रे-ट्रेसिंग (प्रकाशाची खऱ्यासारखी गणना) चालू ठेवून मेमरी ओलांडली की गेम बंदच पडतो.

भिडेपूल_दक्षिण

मुंग्या गेल्या! पण लढाईत अजून जड चालतोय.

तपकीरगल्ली

जून २०२२च्या अपडेटने डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स चालवणारी प्रणाली) आलं, जुन्या कार्डांना ते पेलत नाही. स्टीमवर गेमच्या नावावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'बीटाज', आणि यादीतून 'डीएक्स११ नॉन-आरटी' निवडा. डाउनलोड होईल, म्हणून रात्री लावा. सेव्ह फाइलची एक प्रत आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, आणि अपडेटनंतर सेटिंग पुन्हा एकदा बघा, काही मूळपदावर गेलेली असतात.

शनिपारपार

आणि पश्चिमेच्या बोळाचे तीन आकडे इथे टाका. माउसने की कंट्रोलरने, तेही.